उपहास, उपरोध की व्याजस्तुती? विनोदी लेखनातले अलंकार ओळखताना

प्रश्न : 'साहेब इतके दयाळू, की फायलीलासुद्धा कधी त्रास देत नाहीत, ठेवली तिथेच ती सुखाने पडून असते.' या वाक्यात उपहास आहे, उपरोध आहे, की व्याजस्तुती? एकच नाव द्यायचं तर कोणतं?

उत्तर : अलंकार विचारला असेल तर व्याजस्तुती. पण उरलेली दोन नावंही चूक नाहीत, कारण ती एका पातळीवरची नाहीतच. व्याजस्तुती ही वाक्याची रचना आहे : वरून स्तुती, आतून निंदा. (वरून निंदा आणि आतून स्तुती असेल, तर मम्मट हा जुना संस्कृत काव्यशास्त्रकार तिलाही व्याजस्तुतीच म्हणतो.) उपरोध ही बोलण्याची तऱ्हा, मनात असेल त्याच्या उलट बोलण्याची. आणि उपहास हा हेतू : समोरच्याला हास्यास्पद ठरवणं. एकाच वाक्यात तिन्ही सुखाने नांदतात. शिवाय फाइल 'सुखाने' पडून राहते, म्हणजे निर्जीव वस्तूला भावना दिली; ही चेतनगुणोक्ती. मला तर या वाक्यातली खरी गंमत तिथेच वाटते. 'दयाळू' हा शब्द कुणालाही सुचेल, फायलीचं सुख सुचायला लेखक लागतो.

प्रश्न : पण लेखक उलट बोलतोय हे ओळखायचं कसं? एखादा मनापासूनही स्तुती करत असेल.

उत्तर : हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. काव्यशास्त्रात याचं एक सुंदर उदाहरण आहे, मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त घेतलेलं : 'उपकृतं बहु तत्र किमुच्यते, सुजनता प्रथिता भवता परम्'. फार उपकार केलेत, काय सांगावं, सज्जनपणा अगदी जगजाहीर केलात. मित्रा, नेहमी असंच वागत शंभर वर्षं सुखाने जग! शब्दांत कडू असं काही नाही. पण हे ज्याला उद्देशून म्हटलंय त्याने अपकार केलेला आहे, एवढं कळलं की सगळा अर्थ पालटतो. यालाच विपरीत लक्षणा म्हणतात. तेव्हा शब्द चाचपत बसण्यापेक्षा कोण, कुणाला, कशानंतर बोलतंय ते आधी पाहावं. सरळ अर्थ त्या प्रसंगात टिकत नसेल, तर उपरोध धरायला हरकत नाही.

बोलताना हे काम आवाज करतो. 'वा, छान केलंस!' यातला हेल बदलला की कौतुकाचं खडसावणं होतं. आवाजातल्या या बदलाला काकू म्हणतात, आणि रुद्रट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने वक्रोक्तीचे, म्हणजे वळवून बोलण्याचे, जे दोन प्रकार सांगितले त्यातला एक याच्यावरच उभा आहे, दुसरा श्लेषावर, म्हणजे एका शब्दाच्या दोन अर्थांवर. कागदावर हेल ऐकू येत नाही. म्हणून लेखक स्तुती जरा जास्तच ताणतो, किंवा 'फायलीलासुद्धा' यासारखं एखादं अव्यय पेरून ठेवतो. असे 'सुद्धा', 'तर', 'बिचारे' दिसले की थांबून वाचावं.

पुरवणी : अतिशयोक्ती दिसली की लगेच उपहास लिहायची घाई करू नये. 'दमडीचं तेल आणलं' या जुन्या गाण्यात सगळ्या घराचं न्हाणंधुणं होऊन उरलेल्या तेलाचा ओघळ वेशीपर्यंत जातो आणि त्यात उंट पोहून जातो. तिथे टोला कुणालाच नाही, निव्वळ कल्पनेची मौज आहे. विडंबनाची गोष्ट वेगळी : तो अलंकार नव्हे, लेखनप्रकार आहे, आणि त्याला मूळ रचना किंवा शैली लागते. केशवकुमारांच्या (म्हणजे आचार्य अत्र्यांच्या) 'झेंडूची फुले' (१९२५) या विडंबनसंग्रहातल्या कविता मजेदार वाटतातच, पण रविकिरण मंडळ या त्या काळच्या कवींच्या गटाची कविता वाचलेल्याला त्यातला नेम कळतो.

प्रश्न : कोटी म्हणजे श्लेषच ना?

उत्तर : बहुतेक वेळा कोटी श्लेषावर चालते, पण दोन्ही एक नव्हेत. श्लेष म्हणजे एका शब्दाचे दोन अर्थ. कोटी म्हणजे त्याचा किंवा उच्चारसाम्याचा चतुराईने केलेला वापर. श्लेष गंभीर कवितेतही असतो. दमयंतीची 'औषध न लगे मजला' ही ओळ आठवा. आईला वाटतं, मुलीला औषध नको आहे, आणि ती 'बरे' म्हणते. मुलगी मात्र सांगते आहे, 'औषध नल गे मजला', माझं औषध नल आहे. अक्षरं तीच, फक्त शब्द तोडायची जागा बदलली. हा सभंग श्लेष. आई फसते म्हणून हसू येतं, पण दमयंतीची व्याकुळता कमी होत नाही. म्हणून याला नुसती कोटी म्हणायला माझं मन धजत नाही.