पोलिओचा डोस : तुमच्या घरात कोण काय म्हणालं?

रविवारी बूथवर एक जण सिस्टरना विचारत होती, "सगळे डोस वेळेवर झालेत, मग आज परत कशाला?" उत्तर आलं, "सरकारी आहे ताई, घ्या." प्रश्न रास्त होता की! नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्यात सापडला, 2014 ला आपण पोलिओमुक्त झालो. तरी थेंब का, हे तुम्हाला कुणी नीट सांगितलं? आयांनो, लिहा.

रानजाई : आमच्याकडे सासूबाई आडव्या. "दात येतायत, जुलाब होतायत, आज नको." आशाताई ओट्यावर टेकल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "किरकोळ जुलाबाला चालतो हो आजी. पण हा हिशेबात धरू नका, पुढचाही घ्या." सासूबाईंनीच बाळाला मांडीवर घेतलं.

पाचट : मी अंगणवाडी सेविका, म्हणजे पलीकडच्या बाजूची. नको म्हणणाऱ्या आया थोड्या, सुटून गेलेल्या जास्त. उसाच्या फडात पोर पाचटावर झोपलेलं, आई मोळ्या वाहतेय, कार्ड गावाकडं पेटीत. मागचा डोस कधी? "दिवाळीच्या आधी बहुतेक." अशा वेळी डाव्या करंगळीवरची शाई बघायची, नसली की थेंब पाजायचे.

2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात मुलांना लशीऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. तेव्हापासून आमच्याकडच्या बाया कुपी बघायला मागतात. काही सहकाऱ्यांना राग येतो, मला नाही येत. लेबलवर एक गोल असतो, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला की कुपी बाद. एकीला दाखवलं की ती शेजारणीला हाक मारते.

थेम्सकाठची : इथे 2004 पासून थेंब नाहीत, फक्त इंजेक्शन. 2022 ला लंडनच्या सांडपाण्यात विषाणू सापडला आणि एक ते नऊ वर्षांच्या मुलांना जादा डोस दिला. पुण्याहून आईचा फोन : "तिकडे पण आहे होय!" (स्वर काळजीचा कमी, समाधानाचा जास्त.)

स्टेथो : धागाकर्तीच्या प्रश्नाबद्दल. पाकिस्तान-अफगाणिस्तानात हा विषाणू अजून आहे आणि प्रवासी तो कुठेही नेऊ शकतात. इंजेक्शन बाळाला लकव्यापासून वाचवतं, पण विषाणूला आतड्यात रोखायचं काम थेंब जास्त चांगलं करतात. वस्तीतल्या सगळ्या पोरांना एकदम दिले की त्याला वाढायला जागा उरत नाही. म्हणून दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांची इंजेक्शनं झाली असली तरी रविवारी बूथवर जायचं.

चिंचगुळ : थेंबांनंतर अर्धा तास अंगावर पाजायचं नाही ना?

स्टेथो : कुणी सांगितलं? लगेच पाजा.

चिंचगुळ : शेजारच्या काकूंनी. मागच्या वेळी पोरगं रडून रडून निळं झालं होतं.

रानजाई : काकूंना धाग्याची लिंक पाठव.