कॉलेज फुटबॉल: दोन सामने हरलेला संघ विजेता आणि एकही न हरलेला बाहेर, हे कसं?

प्रश्न
अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा एक संघ यंदा पहिल्या आठवड्यापासून फॉलो करायचाय. खेळाचे नियम कळतात, मोसमाचं गणित कळत नाही. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट १३-० (१३ विजय, एकही हार नाही) असून प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत नाही. २०२४ मध्ये ओहायो स्टेट दोनदा हरूनही विजेता. वेळापत्रक हातात आलं की नेमकं काय बघायचं?

प्रतिसाद १
वरच्या गटात १३० हून जास्त संघ आणि प्रत्येकाला नियमित सामने फक्त १२. सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत, म्हणून गुणतक्ता नाही. १३ जणांची समिती क्रमवारी लावते. कोणाला हरवलं, कुठे हरवलं आणि संघ आज कसा आहे, हे तिथे तोललं जातं. फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये जायबंदी झाला. प्लेऑफमध्ये जागा चारच होत्या, त्यामुळे १२-१ असलेला अलाबामा आत गेला. माझ्या मते तो अन्याय होता, पण निकषात मुख्य खेळाडूची उपलब्धता होतीच.

२०२४ पासून जागा १२ झाल्या. ओहायो स्टेट ओरेगॉनकडून ३२-३१ आणि मिशिगनकडून १३-१० असं हरलं, तरी आठवं मानांकन मिळालं. पाच ते आठ मानांकनांना पहिली फेरी घरच्या मैदानावर मिळते. तिथे टेनेसीला ४२-१७ हरवलं, मग त्याच ओरेगॉनला ४१-२१. अंतिम सामन्यात नोत्र दाम ३४-२३.

प्रतिसाद २
वेळापत्रकात आधी मोकळे आठवडे शोधा. प्रतिस्पर्धी विश्रांती घेऊन येतोय आणि आपला संघ लागोपाठ दुसऱ्यांदा बाहेरगावी खेळतोय, असा शनिवार लाल पेनाने खुणावा. मग मोठ्या सामन्याच्या लगेच नंतरचे 'सोपे' सामने. २०२४ मध्ये नोत्र दामने टेक्सास ए अँड एमला त्यांच्या मैदानावर हरवलं आणि पुढच्याच आठवड्यात घरी नॉर्दर्न इलिनॉयकडून १६-१४ हरले. त्यानंतर सलग १३ जिंकून अंतिम फेरी गाठली.

मधल्या फळीतला संघ असेल तर लक्ष्य सहा विजय: तेवढ्यावर बोल सामन्याची, म्हणजे मोसमाअखेरच्या निमंत्रित सामन्याची पात्रता मिळते. खालच्या गटातल्या, म्हणजे एफसीएस संघांवरचा एकच विजय त्यात धरतात, हे मोजताना विसरू नका.

प्रश्नकर्ता
म्हणजे नोव्हेंबरमधली हार सप्टेंबरपेक्षा महाग?

प्रतिसाद १
नियम तसा नाही, पण भरून काढायला वेळ उरत नाही. मिशिगनविरुद्धची हार शेवटच्या शनिवारची. तिच्यामुळे ओहायो स्टेटची बिग टेन या त्यांच्या कॉन्फरन्सच्या (एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या संघांच्या गटाच्या) अंतिम सामन्यातली जागा गेली, ती पेन स्टेटला मिळाली. प्लेऑफ मात्र वाचला. चार जागांच्या जमान्यात तोही गेला असता.

प्रतिसाद ३
जय-पराजयापेक्षा दोन आकडे जपून ठेवा: टर्नओव्हरचा (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाण्याचा) फरक आणि विजयाचं अंतर. इंटरसेप्शनमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा फेकलेला चेंडू मधेच पकडण्यात कौशल्य असतं, पण हातून सुटलेला चेंडू (फंबल) कोणाच्या हाती पडेल हा बराचसा नशिबाचा भाग. त्यामुळे ५-० असलेला संघ तीन सामने एका फील्ड गोलच्या (तीन गुणांच्या) फरकाने आणि फंबलच्या जोरावर जिंकला असेल, तर ऑक्टोबरमध्ये घसरण धरून चाला.

दुसरं, राखीव फळी. २०१८ पासून नवा खेळाडू चार सामन्यांपर्यंत खेळला तरी रेडशर्ट घेऊन ते वर्ष वाचवू शकतो, म्हणजे ते त्याच्या खेळण्याच्या ठरावीक वर्षांत मोजलं जात नाही. म्हणून एखादा चांगला पोरगा सप्टेंबरमध्ये दोनदा दिसून गायब होतो. दुखापत असेलच असं नाही, प्रशिक्षक उरलेले सामने नोव्हेंबरसाठी राखत असतो. आणि आक्रमक फळीतले पुढचे पाच जण दर आठवड्याला तेच आहेत का ते बघा. तिथे सारखी अदलाबदल झाली की क्वार्टरबॅकला चेंडू टाकायला वेळ मिळत नाही, आणि शिव्या मात्र त्यालाच बसतात.

प्रतिसाद २
एक भर. २०२४ मध्ये थेट दुसऱ्या फेरीत पुढे चाल फक्त चार कॉन्फरन्स विजेत्यांना होती, त्यामुळे कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नसलेल्या नोत्र दामला ती मिळणं शक्यच नव्हतं. २०२५ पासून ती क्रमवारीतल्या पहिल्या चौघांना मिळते. जुने लेख वाचताना वर्ष तपासा.