एप्रिलमधला बर्फ आणि बागेतली फुलं : तुमचे अनुभव लिहा

डेन्व्हरला एप्रिलमध्ये बर्फ पडतो, मे महिन्यातही पडतो. आज सकाळी डॅफोडिल पार जमिनीला टेकलेत. इकडे नवीन आलेली मराठी मंडळी दरवर्षी विचारतात, "गेली का हो फुलं?" म्हणून हा धागा. तुमच्या बागेत काय टिकतं, काय जातं, सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. लवलेल्या डॅफोडिलला हात लावू नका. गारठ्यात पेशीतलं पाणी बाहेरच्या फटींत जातं, आत उरलेला रस दाट होतो आणि सहज गोठत नाही. पाणी उतरलं म्हणून दांडा लवतो. ऊन लागलं की बहुतेक उभे राहतात. मोडलेले तेवढे कापून फुलदाणीत ठेवा.

टोरांटोहून : आमचे क्रोकस पाकळ्या मिटून बर्फाखाली पडून राहतात, ऊब आली की उघडतात. रोडोडेंड्रॉनच्या पानांची गारठ्यात सुरळी होते. थंडी वाढेल तशी ती घट्ट होत जाते. मी तर खिडकीतून पानं बघूनच कोट ठरवतो!

हॅम्बुर्गहून : ताई, बर्फापेक्षा मला त्यानंतरच्या निरभ्र रात्रीची धास्ती वाटते. भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असते, त्याखाली रोपं दुलईत असल्यासारखी सुरक्षित. उघड्यावरचा मॅग्नोलिया मात्र एका रात्रीत तपकिरी पडतो, फार जीव तुटतो. इथून जवळच आल्टेस लांड हा सफरचंदांचा पट्टा आहे. तिथे अशा रात्री मोहोरावर पाण्याचे फवारे सोडतात. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, त्यामुळे बर्फाच्या थरात कळी शून्याच्या आसपास राहते. फवारा मध्येच थांबला तर नुकसान वाढतं, म्हणून बर्फ वितळेपर्यंत तो चालूच ठेवतात.

फोर्ट कॉलिन्सहून : लायलॅकला पानं फुटल्यावर ओला बर्फ पडला की फांद्या मोडतात. झाडू खालून वर हलकेच उचलत बर्फ पाडा. फांदीवर कडक गोठला असेल तर राहू द्या, झटकलीत तर फांदी तुटेल.

मिशिगनहून : पीच पूर्ण फुललेला असताना उणे 2 अंश सेल्सिअसपर्यंत थोडीच फुलं जातात, उणे 4 ला जवळजवळ सगळी. मिटलेल्या कळ्या त्याहून जास्त सोसतात. दुसऱ्या दिवशी एखादं फूल उभं चिरून बघा. मधला स्त्रीकेसर हिरवट असेल तर फळ धरायची आशा आहे. तो काळा पडला असेल, तर पाकळ्या कितीही टवटवीत दिसोत, त्या फुलाला फळ येत नाही.