क्लोन चालू असताना टर्मिनलवर काय दाखवावे?

प्रश्न
आमच्या गटातील चित्रांच्या आणि मजकुराच्या आवृत्त्या सांभाळण्यासाठी मी एक लहान साधन लिहीत आहे. मोठी रेपॉझिटरी (फायली आणि त्यांच्या जुन्या आवृत्त्यांचा साठा) सर्व्हरवरून उतरवताना, म्हणजे क्लोन करताना, ते तीन-चार मिनिटे गप्प राहते, आणि ते अडकले असे समजून सहकारी कंट्रोल-सी दाबून ते बंद करून मोकळे होतात. एकूण काम किती हे सुरुवातीला ठाऊक नसताना टक्केवारी कशाची दाखवावी?

उत्तर १
एकूण संख्या कळेपर्यंत टक्केवारी दाखवूच नये. आवृत्त्या सांभाळणारे गिट हे साधन पाहा: सर्व्हर ऑब्जेक्ट (साठवलेल्या फायली आणि नोंदी) शोधत असतो तेव्हा ते केवळ वाढता आकडा दाखवते. हे ऑब्जेक्ट एकत्र बांधून पाठवणाऱ्या पॅक फाइलच्या सुरुवातीलाच त्यांची संख्या नोंदलेली असल्याने, ती फाइल येऊ लागली की टक्के, उतरलेला आकार आणि वेग एकाच ओळीत दिसतात. हे टक्के मात्र संख्येचे असतात, आकाराचे नव्हेत. तुमच्याकडे चित्रे आहेत, म्हणजे एखाद्या अवजड फाइलपाशी आकडा ४३ टक्क्यांवर खिळून राहणारच. अशा वेळी शेजारी मेगाबाइट वाढताना दिसले, तरच माणूस धीर धरतो. सर्व्हरकडून आलेल्या ओळींपुढे गिट ‘रिमोट’ असे लिहिते, त्यामुळे वेळ कोणाकडे जातो आहे हे कळते. मला तर हा शब्द टक्केवारीहून उपयोगी वाटतो.

उत्तर २
वरील मुद्दे मान्य आहेत, पण हे सारे स्टँडर्ड एररवर (मूळ निकालापासून वेगळ्या, संदेशांसाठीच्या मार्गावर) लिहावे आणि ते टर्मिनलला जोडलेले नसेल तर लिहूच नये. एकच ओळ पुन्हा पुन्हा पुसून लिहिण्याची युक्ती लॉग फाइलमध्ये गेली की तिथे नुसता कचरा साठतो. शिवाय चटकन संपणाऱ्या कामांना संदेशाची गरज नसते. गिट आपल्या कित्येक टप्प्यांत एक-दोन सेकंद थांबून मगच तोंड उघडते.

उत्तर ३
गिटचे शब्द मात्र जसेच्या तसे उचलू नयेत. ‘रिझॉल्व्हिंग डेल्टाज’ (फरकांची जुळवणी) ही ओळ वाचून आमच्याकडील नवीन मंडळी इंटरनेटला दोष देत बसतात, वास्तविक त्या वेळी माल उतरून झालेला असतो आणि काम आपल्याच संगणकावर चाललेले असते. तिथे ‘फायली उतरल्या, आता जुळवणी चालू आहे’ असे लिहावे. अर्धवट थांबवलेला क्लोन गिट पुसून टाकते. तुमच्या साधनातही तसेच होत असेल, तर ‘आता थांबवल्यास पहिल्यापासून उतरवावे लागेल’ हे वाक्य कंट्रोल-सी दाबण्याआधीच डोळ्यांसमोर असावे.

प्रश्नकर्ता
आभार. ते वाक्य आजच घालतो. टक्केवारीचे नंतर पाहीन.