डॅनियल सिकल्स: पाय गेला म्हणून वाचला?

बारभाई:
न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉलच्या (डेमोक्रॅटिक पक्षाची तिथली संघटना) राजकारणात मुरलेला गडी. 1859 मध्ये खासदार असताना व्हाइट हाउससमोरच्या लाफाएट चौकात भरदिवसा बायकोच्या प्रियकराला, फिलिप बार्टन कीला गोळ्या घातल्या आणि डोकं फिरलं होतं म्हणून निर्दोष सुटला. पुढे अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेचा जनरल म्हणून गेटिसबर्गच्या लढाईत 2 जुलै 1863 ला ऑर्डर नसताना हाताखालची आख्खी थर्ड कोअर (सैन्याची एक मोठी तुकडी) पुढच्या पीच ऑर्चर्डला नेऊन ठेवली, दहाएक हजारांतले चारेक हजार मेले, जखमी झाले नाहीतर बेपत्ता. माझं म्हणणं, त्याच दिवशी तोफगोळ्यानं पाय गेला नसता तर कोर्ट मार्शलच होतं.

सह्याद्री_वारा:
साफ चूक. सरसेनापती मीडनं दिलेली जागा सखल, समोरचं पीच ऑर्चर्ड उंच. दोनच महिन्यांपूर्वी चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत वरच्या हुकमानं हेझल ग्रोव्हची उंच जागा सोडावी लागली आणि तिथूनच शत्रूच्या तोफांनी ह्यांना भाजून काढलं. ते भोगलेला माणूस परत गप्प बसेल? खुद्द दक्षिणेच्या जनरल लाँगस्ट्रीटनं म्हातारपणी त्याची बाजू घेतली, जो समोरून चालून आला होता तो!

बारभाई:
आणि त्यामुळे डावीकडची लिटल राउंड टॉप टेकडी मोकळी पडली त्याचं काय? मीडचा मुख्य इंजिनिअर वॉरनच्या नजरेस पडलं आणि व्हिन्सेंटची ब्रिगेड धावली म्हणून निभावलं. हा मात्र पायाचं हाड आर्मीच्या मेडिकल म्युझियमला सप्रेम भेट पाठवतो आणि नंतर ते बघायला जातो 😄

फक्त_वाचते:
तुमची लढाई चालू द्या, त्याच्या बायकोचं, तेरेसाचं काय? लग्नात ती सोळाच्या आतबाहेर, हा तेहतिशीला टेकलेला. स्वतः एका वेश्येला घेऊन विधिमंडळात मिरवला होता, पण खुनाच्या आदल्या रात्री बायकोकडून कबुलीजबाब लिहून घेतला आणि तो पेपरात छापूनही आला. कहर म्हणजे खून केला तेव्हा लोक त्याच्या बाजूनं, बायकोला परत घरात घेतलं तेव्हा मात्र सगळे तुटून पडले.

टोणगा:
नानावटी केस बरोबर 100 वर्षांनी, तिथेही ज्युरीनं सोडलंच होतं. पण आपल्याकडे हायकोर्टानं जन्मठेप दिली, इथे आरोपीला 1869 ला अमेरिकेचा राजदूत म्हणून माद्रिदला पाठवलं.

सह्याद्री_वारा:
माणूस म्हणून कोण सर्टिफिकेट देतंय त्याला? पण गेटिसबर्गचं रणांगण आज सरकारी पार्क म्हणून शाबूत आहे ते 1895 च्या त्याच्याच बिलामुळे.

बारभाई:
पार्क मान्य. न्यूयॉर्कच्या स्मारक कमिशनचे हजारो डॉलर कुठे गेले ते पण सांगा मग. 1912 ला काढलं त्याला तिथून, नव्वदी उलटल्यावर.