टीटीएल संपलेल्या नोंदी कॅसँड्राने दहा दिवस सांभाळाव्यात का?

मूळ मत
अपाची कॅसँड्रा या अनेक सर्व्हरांवर डेटाच्या प्रती ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये टीटीएल, म्हणजे नोंदीला लिहितानाच दिलेले आयुष्य, संपला, की नोंद वाचनात दिसेनाशी होते. डिस्कवरून मात्र ती लगेच जात नाही. तिचा टूम्बस्टोन, म्हणजे ‘ही नोंद गेली’ असे सांगणारी खूण, होतो आणि ‘जीसी ग्रेस’चा काळ, म्हणजे मूळ सेटिंगनुसार ८,६४,००० सेकंद किंवा १० दिवस, उलटल्यावरच कॉम्पॅक्शन, म्हणजे डेटा फाइली एकत्र करून साफ करणारी प्रक्रिया, तो काढू शकते. आमच्या सेन्सरच्या नोंदींचा टीटीएल एका दिवसाचा असल्यामुळे एका दिवसाच्या डेटासाठी सुमारे दहा दिवसांचा भार वाहावा लागतो. संपण्याची वेळ प्रत्येक प्रतीतच लिहिलेली असते. बंद पडलेला नोड (समूहातला एक सर्व्हर) परतला तरी त्याच्याकडील नोंद आपोआप संपते. अशा टेबलांवर जीसी ग्रेसचा काळ एका दिवसावर आणावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. त्याच किल्लीखाली, म्हणजे नोंद ओळखणाऱ्या मूल्याखाली, आधी टीटीएलशिवाय मूल्य लिहिलेले असेल, त्यावर टीटीएलसह नवे मूल्य लिहिताना तीनपैकी एक नोड बंद असेल आणि वेळेत रिपेअर, म्हणजे सर्व नोडांवरील प्रती जुळवणे, झाले नसेल, तर इतर दोन नोडांवरील टूम्बस्टोन गेल्यानंतर तिसऱ्याकडचे जुने मूल्य खोडायला कोणीच उरत नाही. ते वाचनात परत येते आणि रीड रिपेअर, म्हणजे वाचताना होणारी प्रतींची जुळवणी, ते उरलेल्या नोडांवरही पोहोचवू शकते. दहा दिवस रिपेअरसाठी दिलेले आहेत. डिस्क त्यापेक्षा स्वस्त आहे.

मूळ लेखक
आमच्या टेबलात फक्त नव्या नोंदी येतात, किल्लीतच वेळ असल्यामुळे एकाच किल्लीवर दुसऱ्यांदा लेखन होत नाही आणि टीटीएल टेबलावरच ठरवलेला आहे. शिवाय प्रश्न केवळ डिस्कचा नाही: एका वाचनात १,००,००० हून अधिक टूम्बस्टोन लागले, तर मूळ सेटिंगनुसार ते वाचनच रद्द होते.

प्रतिसाद २
काळ कमी करा, पण शून्य करू नका. हिंटचे, म्हणजे बंद नोडासाठी दुसऱ्या नोडाने जपून ठेवलेल्या लेखनाचे, आयुष्यही त्याच काळाने बांधलेले असते. शून्य केल्यास त्या टेबलासाठी हिंट निरुपयोगी होतात. एकाच कालखंडातल्या नोंदी एकाच फाइलमध्ये ठेवणारे टाइम विंडो कॉम्पॅक्शन वापरल्यास पूर्ण मुदत संपलेली फाइल अख्खीच टाकून देता येते, मात्र उशिरा आलेली एखादी जुनी नोंद नव्या फाइलमध्ये मिसळली तरी हा फायदा अडतो.

प्रतिसाद १
या एका टेबलापुरता माझा विरोध मागे घेतो. तरीही टेबलावरचा टीटीएल हा निव्वळ पूर्वनिर्धारित आकडा आहे, हे विसरू नये. लेखनाच्या वेळी टीटीएल शून्य दिला, तर तीच नोंद कायमची होते आणि दुरुस्तीसाठी चालवलेली एखादी स्क्रिप्ट नेमके तेच करू शकते. आधी ती वाट बंद करावी, मगच आकडा बदलावा.