मदत हवी आहे: मुलीच्या कॉलेजसाठी प्रीपेड ट्यूशन योजना – युनिटांचा कोणता प्रकार घ्यावा?

वैदेही_प्र
नमस्कार. मुलीच्या कॉलेजची तजवीज म्हणून आम्ही अमेरिकेतील आमच्या राज्याच्या प्रीपेड ट्यूशन योजनेत पैसे भरायचे ठरवले आहे. आजच्या दराने युनिटे, म्हणजे कॉलेजच्या शिक्षणशुल्काचे (ट्यूशनचे) ठरावीक हिस्से, विकत घेऊन ठेवायची आणि पुढे ट्यूशन कितीही वाढली तरी त्यांच्यावरच ती भागवायची, ही कल्पना आम्हा दोघांनाही पटली आहे. अर्जात युनिटांचे तीन प्रकार दिलेले आहेत. त्यांतला कोणता घ्यावा आणि पैसे एकरकमी भरावेत की हप्त्यांनी, एवढेच कृपया लवकर सांगावे, कारण नोंदणी फेब्रुवारीअखेर बंद होते. प्रीपेड चांगले की साधे ५२९ बचत खाते (शिक्षणासाठीचे करसवलतीचे गुंतवणूक खाते), ही चर्चा मी भरपूर वाचली आहे. ती येथे नको.

टँपाचे_काका
राज्य कोणते आणि मुलगी कितवीत आहे, हे लिहिले नाहीत. तरीही सांगतो, डोळे झाकून घ्या. फ्लोरिडात ही योजना १९८८ पासून विकली जाते आणि तिला राज्याची हमी आहे. आमच्या दोन्ही मुलांची ट्यूशन तीतून परस्पर भरली गेली आणि ती चार-चार वर्षे आम्ही निर्धास्त होतो.

सिएटलकर
काका, फ्लोरिडाची हमी इतर राज्यांना लागू होत नाही. अलाबामाची योजना २००८ च्या शेअर बाजारातील पडझडीनंतर इतकी तुटीत गेली की विधिमंडळाला मदतीला यावे लागले. ट्यूशन वाढतच जाणार, हे गृहीतही नेहमी खरे ठरत नाही. आमच्या वॉशिंग्टन राज्याने २०१५ मध्ये सरकारी विद्यापीठांची ट्यूशन चक्क कमी केली. त्यानंतर येथील योजनेतील नवी विक्री थांबवण्यात आली आणि ती २०१७ च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली. वैदेहीताई, आपण नको म्हणालात तरी सांगतो, ५२९ बचत खात्यात इंडेक्स फंड (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा फंड) घ्या.

ऑस्टिनवासी
तीन प्रकार आणि फेब्रुवारीअखेर, म्हणजे आपण टेक्सासमध्ये असणार. प्रकार पहिला राज्यातील सर्वांत महागड्या सरकारी विद्यापीठाच्या दराने, दुसरा चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठांच्या सरासरीने आणि तिसरा दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांच्या सरासरीने ठरतो. त्या त्या प्रकारची शंभर युनिटे म्हणजे तीस क्रेडिटांचे एक वर्ष. युनिटांतून ट्यूशन आणि सक्तीची शुल्के तेवढी भागतात. राहणे, जेवण आणि पुस्तके यांचा खर्च वेगळा. हप्त्यांनी भरल्यास एकूण रक्कम जास्त पडते.
१९९६ ची जुनी योजना आणि ही, यांत पुष्कळांची गल्लत होते. जुनीला राज्यघटनेचे पाठबळ आहे, परंतु २००३ मध्ये ट्यूशनचे दर ठरवण्याचा अधिकार विद्यापीठांकडे गेला आणि तिची नवी विक्री बंद झाली. २००८ पासूनच्या या योजनेला राज्याची हमी नाही.
मुलीची इयत्ता विचारतो, कारण विकत घेतलेली युनिटे तीन वर्षे ठेवल्याशिवाय वापरता येत नाहीत.

कोथरूडचे_आजोबा
मुलगीच आहे तर भारतात सुकन्या समृद्धी खाते उघडून टाका. व्याज चांगले असून पूर्ण करमुक्त आहे.

सिएटलकर
आजोबा, ते खाते निवासी भारतीयांसाठी आहे आणि मुलीचे वय दहाच्या आत असावे लागते. येथे त्याचा उपयोग नाही.

वैदेही_प्र
होय, टेक्सासच. मुलगी दहावीत आहे. आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असून ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. ती अर्थातच एच-४ वर, म्हणजे आमच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या व्हिसावर आहे. तीन वर्षांचा नियम माझ्या नजरेत आला नव्हता. तिला खरे तर कॅलिफोर्नियात शिकायचे आहे, परंतु तो पुढचा प्रश्न आहे. मी विचारले होते फक्त प्रकाराबद्दल.

ऑस्टिनवासी
ताई, तो पुढचा प्रश्न नाही, त्यावरच सगळे अवलंबून आहे. ती अडीच वर्षांत कॉलेजात जाईल, म्हणजे आज युनिटे घेतलीत तरी पहिल्या वर्षाचे पैसे जवळजवळ पूर्ण खिशातूनच जातील. ती राज्याबाहेर गेली, तर आपण भरलेली रक्कम योजनेच्या नफ्यातोट्यासह आणि त्याच युनिटांनी टेक्सासच्या सरकारी विद्यापीठात भागली असती ती ट्यूशन, या दोहोंतली जी कमी असेल तेवढीच तिकडे पाठवली जाते. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत बाहेरच्या विद्यार्थ्याला ट्यूशन कितीतरी जास्त पडते. वरचा फरक आपणच भरायचा.
एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, हेही ध्यानात घ्या. त्या आधी ग्रीन कार्ड आले नाही तर तिला एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल. तेव्हा फीसाठी ती येथील रहिवासी धरली जाईल का, हे प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजच्या कार्यालयाला लेखी विचारा.

टँपाचे_काका
एवढे घाबरवू नका त्यांना. पैसे बुडत तर नाहीत ना?

ऑस्टिनवासी
सहसा बुडत नाहीत, पण राज्याची हमी नाही हे वर आलेच. शिवाय करार रद्द केला तर हाती कमी रक्कम येते आणि जो नफा मिळेल त्यावर आयकर व वर दहा टक्के दंड लागतो. हे आधी माहीत असलेले बरे, एवढेच माझे म्हणणे आहे.

वैदेही_प्र
सर्वांचे मनापासून आभार. मग धाकट्याचा विचार करावा का? तो तिसरीत आहे आणि हालायची वेळ आली नाही तर आम्ही येथेच राहणार आहोत.

ऑस्टिनवासी
अहो, हे सुरुवातीलाच सांगायचे! अर्ज त्याच्याच नावाने करा. तीन वर्षांची अट त्याला सहज पार होते. पुढे गरज पडली तर लाभार्थी बदलून मुलीचे नाव लावता येते. कुटुंबातल्या कुटुंबात बदल केल्यास कर लागत नाही. प्रकार पहिला घ्या, एका वर्षापुरती शंभर युनिटे एकरकमी, कारण तो कोणत्या विद्यापीठात जाईल हे आज कोणालाच माहीत नाही. मुलीसाठी जी रक्कम बाजूला काढली आहे ती मात्र ५२९ बचत खात्यात ठेवा. ती कोणत्याही राज्यात चालते.

सिएटलकर
फक्त ती आता इंडेक्स फंडात नको. अडीच वर्षांत लागणारे पैसे आहेत. त्याच खात्यातला रोख्यांचा किंवा ठेवींसारखा पर्याय निवडा.